दोनशे चौदा डब्यांचा एक नंबर

बिस्किटांच्या कारखान्यामागे चार गल्ल्या होत्या, आणि त्या चारही गल्ल्यांत त्याला तारवाला म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव कागदोपत्री होतं, पण त्या नावानं कोणी हाक मारलीच तर हा माणूस आजूबाजूला बघायचा, की कुणाला बोलावतायत. सव्वीस वर्षं गच्चीवरून गच्चीवर काळी तार ओढत त्यानं दोनशे चौदा घरांत टीव्ही पोचवला होता. खिशात कायम एक पकड, आणि तोंडात कायम एकच वाक्य, "तुमचं काय ते मी बघतो."

हे वाक्य म्हणजे त्याचा धंदा होता आणि त्याचा स्वभावही. पुढे जे झालं त्याचं मूळही तेच. चित्राला मुंग्या आल्या की लोक त्याला बोलावत. आवाज गेला तरी बोलावत, आणि निम्म्या वेळा आवाज बंद करायचं बटण घरातल्याच कुणीतरी दाबलेलं निघे. तो ते बटण गुपचूप परत दाबायचा, वर उगाच तार दोनदा हलवायचा आणि "जोड सैल झाला होता" म्हणून निघायचा. समोरच्याला ओशाळं करणं त्याला कधी जमलं नाही. कोणत्या जोडाला पाणी लागतं, कोणत्या गच्चीवरची कबुतरं तारेवर बसून ती खाली ओढतात, कोणत्या घरातलं कुत्रं पायरीवरच धरतं, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. कागदावर अक्षर नव्हतं. बायको म्हणायची, तुम्ही एक दिवस आजारी पडलात तर चार गल्ल्या आंधळ्या होतील. हे ऐकायला त्याला फार आवडायचं, म्हणून ती अधूनमधून म्हणायची.

घराच्या पुढच्या खोलीला कंट्रोल रूम म्हणत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. खोलीत एक लोखंडी कपाट, कपाटात सदा तापलेली यंत्रं आणि त्यांच्यासमोर फिरणारा टेबलफॅन. माणसांना त्या घरात पंखा नव्हता. नऊ नंबरचा चॅनेल मात्र त्यांचा स्वतःचा होता आणि तो बायको चालवायची. शाळेच्या नाटकाचं चित्रण, हरवलेल्या किल्ल्या, पाण्याच्या वेळा. "दुसऱ्या गल्लीतली करडी मांजर दोन दिवस घरी आलेली नाही. दिसल्यास हाकलू नये." किंवा, "उद्या पाणी नाही. आज भरून ठेवावं. नंतर आमच्या नावानं बोटं मोडू नयेत." लोक टीव्ही लावला की आधी नऊ नंबर बघत आणि मग जगाच्या बातम्यांकडे वळत.

त्याचं पहिलं गिऱ्हाईक होत्या शिवणवाल्या मावशी. तिसऱ्या गल्लीत, वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. सव्वीस वर्षांपूर्वी, हा पोरगा तारेचं वेटोळं खांद्यावर घेऊन दारोदार फिरत होता आणि सगळे "बघू नंतर" म्हणत होते, तेव्हा मशीनवरून मान वर न करता त्या म्हणाल्या होत्या, ओढ तार, एक घर झालं की दुसरं होतं. आणि तसंच झालं. आता मावशींचे डोळे अधू झाले होते, मशीनवर कापड झाकलेलं होतं. चित्र त्यांना धुरकट दिसायचं, पण टीव्ही सकाळपासून सुरू असायचा. घरात कुणीतरी बोलत असलेलं बरं, म्हणायच्या. रिमोटची बटणं त्या चाचपून दाबत. मोबाइल त्यांनी घेतला नाही. ज्याला माझी गरज आहे त्याला जिना आहे, हे त्यांचं त्यावरचं उत्तर.

मग वरून हुकूम आला. अमुक तारखेनंतर जुनी पद्धत बंद, सगळ्यांनी डिजिटल व्हायचं. घरोघरी डबा बसवायचा, त्यातूनच चित्र दिसेल, नाहीतर नाही. मोठ्या कंपन्यांना काय, त्यांना हुकूम म्हणजे पर्वणी. तारवाल्यासारख्या दोनशे घरांच्या धन्याला मात्र तो हुकूम म्हणजे आता तू ऊठ, असंच सांगणं होतं. डिजिटल सिग्नल तयार करायची स्वतःची यंत्रं घ्यायची तर राहतं घर दोनदा विकावं लागलं असतं.

एक वाट होती, आणि ती चांगली होती. आसपासच्या वस्त्यांत त्याच्यासारखे आणखी सहा केबलवाले होते. सातजणांनी मिळून यंत्रांचा एकच संच घ्यायचा, एकच कंट्रोल रूम करायची आणि तिथून सात वस्त्यांत तार न्यायची. खर्च सातांत वाटला तर कुणाचीच कंबर मोडत नव्हती, स्वस्तातले डबेही घाऊक मिळाले असते. सातजण तीनदा बसले. यंत्रं कुठली यावर एकमत झालं. खर्चाच्या वाटणीवरही झालं. यंत्रं कुणाच्या गच्चीवर ठेवायची यावर मात्र सगळं फिसकटलं. ज्याच्या गच्चीवर यंत्रं तो मालक आणि उरलेले सहा त्याची गिऱ्हाइकं, अशी प्रत्येकाला धास्ती. तारवाला म्हणाला, एखादी खोली भाड्यानं घेऊ, कुणाचीच गच्ची नको. तोवर दोघं तावातावानं उठून गेले होते. या सात शहाण्यांना एक गच्ची ठरवता आली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

उरली ती कंपनीची वाट. कंपनीचा माणूस भर उन्हात टाय लावून यायचा, म्हणून गल्लीनं त्याचं नाव टायवाला ठेवलं. माणूस वाईट नव्हता, दोन वेळा पाणी मागून प्यायला. त्यानं सांगितलं ते सोपं होतं. तुमच्या गच्चीवर आमची छत्री बसेल. तिच्यातून तयार सिग्नल येईल, कुलूप लावलेला. तुम्ही तो तुमच्याच तारेनं घरोघरी न्यायचा. डबे आम्ही स्वस्तात देऊ, आणि कुलूप उघडायचं काम आमच्या ऑफिसातून होईल. थोडक्यात, स्वयंपाक कंपनीचा, वाढपी तुम्ही. लोकांना महिन्याला पूर्वीएवढंच पडेल, हे ऐकून तारवाल्याला हायसं वाटलं.

त्यानं एवढंच विचारलं, की आमच्या नऊ नंबरचं काय. टायवाल्यानं मान हलवली. तयार सिग्नलमध्ये बाहेरचं काही घालता येत नाही. बायको दारात उभी होती. त्या दिवशी नऊ नंबरवर "नळाखालची निळी बादली कुणाची" ही सूचना सकाळपासून जी राहिली ती रात्रीपर्यंत तिनं बदलली नाही.

आता फॉर्म आले. प्रत्येक डब्याचा एक फॉर्म, त्यावर घरमालकाचं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर. लोक नंबर म्हटलं की बिचकत. कशाला हवाय, मग विकणारे फोन करत सुटतात. काहींचे नंबर दर दोन महिन्यांनी बदलत, काहींना स्वतःचा पाठ नव्हता. तारवाल्यानं हात वर केला आणि तेच ते वाक्य म्हणाला. नाव ज्याचं त्याचं, पत्ता ज्याचा त्याचा, आणि मोबाइलच्या रकान्यात त्यानं स्वतःचा नंबर लिहिला. दोनशे चौदा वेळा. यात कसलीही लबाडी नव्हती. गिऱ्हाईक त्याचं, तार त्याची, तेव्हा कंपनीला काही सांगायचं असेल तर तिनं त्यालाच सांगावं, इतकं सरळ त्याला ते वाटलं. टायवाल्याला महिनाअखेरीच्या आत फॉर्म हवे होते. त्यानं गठ्ठा उचलला आणि बॅगेत टाकला.

सव्वा वर्ष बरं गेलं. चित्र तर असं लख्ख, की पडद्यावरच्या माणसांच्या सुरकुत्या मोजाव्यात. मुंग्या कायमच्या गेल्या. त्याऐवजी मुंग्या तारवाल्याच्या खिशात शिरल्या. प्रत्येक डब्याची प्रत्येक गोष्ट कंपनी त्या डब्याच्या नंबरावर कळवायची. आपली सेवा सुरू आहे. आपल्यासाठी तीन नवे चॅनेल. आपला वाढदिवस जवळ आला आहे. एक निरोप म्हणजे दोनशे चौदा निरोप. शिडीवर चढलेला असताना फोन ठणाणा करायचा आणि एकदा तर तो दचकून पडता पडता राहिला. बायकोनं त्या दिवशी निरोपांचा आवाज बंद करून दिला. त्यानंतर तो दिवसातून एकदा फोन उघडायचा, अंगठ्यानं सगळं वर ढकलायचा आणि पुसून टाकायचा.

त्यातच तो निरोप आला. यापुढे एका नंबरावर एकच डबा चालेल, पंधरा दिवसांत ज्याचा त्याचा नंबर द्यावा. कंपनीनं तो तीनदा पाठवला, म्हणजे सहाशे बेचाळीस वेळा. तारवाल्याच्या अंगठ्यानं तो सहाशे बेचाळीस वेळा पुसला.

सोळाव्या दिवशी सकाळी चारही गल्ल्यांतले टीव्ही निळे झाले. निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, सेवा बंद, आपल्या केबलचालकाशी संपर्क साधा. लोकांनी तसंच केलं. दहाच मिनिटांत दार माणसांनी भरलं. तारवाल्यानं पकड घेतली आणि तो गच्चीवर चढला. सव्वीस वर्षांची सवय. एकेक जोड उघडला, पुसला, परत बसवला. दुपारपर्यंत त्यानं चारही गल्ल्यांची तार हातांखालून घातली. सगळे जोड धड होते. कुठं काही बिघडलेलं सापडलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

मग त्यानं कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. अर्ध्यापाऊण तासानं माणसाचा आवाज आला आणि त्या आवाजानं त्याला नियम वाचून दाखवला. तारवाला म्हणाला, आज सुरू करा, नंबर मी आठवड्यात आणून देतो, जबाबदारी माझी. आवाज म्हणाला, तशी सोय नाही. तारवाल्यानं विचारलं, मग मी काय करू शकतो. आवाजानं तोच नियम पुन्हा वाचला. खाली माणसं थांबली होती, आणि त्यांना काय सांगायचं ते त्याला कळेना. जन्मात पहिल्यांदा तो "बघतो" म्हणाला आणि आपण काय बघणार आहोत हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

वही घेऊन तो दारोदार निघाला. पलीकडच्या वस्तीतला केबलवाला, ते गच्चीवरून भांडण करून उठून गेलेल्यांतला एक, त्याला वाटेत भेटला आणि म्हणाला, वेडा आहेस का, नंबर देऊ नको. सगळे डबे तुझ्याच नंबरावर होते म्हणून तुझी घरं तुझी होती. नंबर गेले की घरं गेली. तारवाल्याला ते पटलं. पण नंबर न द्यावेत तर दोनशे चौदा घरं निळी, आणि द्यावेत तर ही भीती. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. नऊ दिवसांत त्यानं दोनशे तेरा नंबर जमवले, सुवाच्य अक्षरात लिहिले आणि स्वतःच्या हातानं नेऊन कंपनीला दिले.

एक नंबर कमी होता तो मावशींचा. मोबाइलच नाही तर नंबर कुठला. मावशी तक्रार करत नव्हत्या. तो गेला तेव्हा टीव्ही निळाच सुरू होता. त्या म्हणाल्या, बंद केला तर घर फारच गप्प होतं, हा निदान बारीक गुणगुणतो. तारवाल्यानं ऐकलं. खरंच, निळ्या पडद्याआडून बारीक आवाज येत होता.

त्याच्या स्वतःच्या घरचा डबा त्याच्या नंबरावर सुरू झाला होता. तो त्यानं काढला, पिशवीत घातला आणि निघाला. बायकोनं विचारलं, कुठं नेताय. त्यानं सांगितलं, मावशींकडे. ती रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "न्या. नाहीतरी आता त्यात माझं काय लागतंय." मग तिनं टीव्हीवर धूळ बसू नये म्हणून चादर घातली. केबलवाल्याच्या घरी टीव्ही नाही म्हणजे हलवाई उपाशी, पण यावर दोघांपैकी कोणीच हसलं नाही.

घरं गेलीच. महिनाभरात लोकांना कंपनीचे फोन येऊ लागले, ज्याचे त्याला, नावानिशी. तारेची कटकट कशाला, आमची छत्री थेट तुमच्या गच्चीवर, अर्धं वर्ष फुकट. लोकांना दोष कसा द्यायचा. फुकट ते पौष्टिक, आणि शिवाय नऊ दिवसांचा निळा पडदा त्यांच्या मनातून गेला नव्हता. एकेका गच्चीवर छत्र्या उगवल्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. लोक त्याच्याशी वाईट वागले नाहीत, हेच त्याला जड गेलं. दुकानात समोर आले की पिशवीत काहीतरी शोधू लागत. एकजण घरी येऊन अगदी नम्रपणे म्हणाला, तुमची तार काढून न्याल का, भिंतीला रंग द्यायचाय. त्यानं ती काढली, भिंतीतली भोकंसुद्धा बुजवून दिली.

शंभराच्या खाली घरं आली तेव्हा टायवाला परत आला. या वेळी त्यानं पाणी मागितलं नाही. इतक्या थोड्या डब्यांसाठी तयार सिग्नल पाठवणं कंपनीला परवडत नाही, महिनाअखेरीला बंद होईल. "माझ्या हातात काही नाही हो," तो म्हणाला. तारवाला त्यावर चिडला नाही. गेले सहा महिने तो स्वतः दारोदार तेच म्हणत होता. त्यानंच उठून पाणी आणून दिलं.

महिनाअखेर झाली. कपाटातली यंत्रं बंद झाली, तसा टेबलफॅन बायकोनं उचलून आतल्या खोलीत आणला. इतक्या वर्षांनी माणसांना वारा लागला. तारवाल्याला मात्र त्या वाऱ्यात झोप लागेना. फोनच्या निरोपांचा आवाज त्यानं आता सुरू केला होता, न जाणो कुणाचं काही काम निघेल. फोन वाजत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी मावशींच्या शेजारीण दारात आल्या. मावशींनी बोलावलंय, पकड घेऊन या. त्याच्या मनानं एकदम उभारी घेतली. जिने तो तरुणासारखा चढला. मावशींच्या खोलीत कंपनीचं खोकं होतं, फोडलेलं, आत छत्री आणि नवा डबा. परगावच्या भाचीनं पाठवलं होतं, मावशी एकट्या कशा राहणार म्हणून. कंपनीचा मेकॅनिक काल येऊन गेला होता, पण मावशींनी त्याला गच्चीची किल्ली दिली नाही.

"मी त्याला ओळखत नाही," मावशी म्हणाल्या. "माझ्या गच्चीवर तुझ्याशिवाय कोण चढलंय कधी?"

नाही म्हणावं, असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण मावशींचा टीव्ही निळासुद्धा नव्हता आता, पार काळा होता, आणि खोलीत खरोखरच कसलाही आवाज नव्हता. त्यानं खोकं उचललं.

गच्चीवर कठड्याला त्याची पहिली तार बांधलेली होती. तेव्हा बांधणी शिकलेला नव्हता, म्हणून नको तितक्या गाठी मारलेल्या. त्यानं त्या सोडवायचा प्रयत्न केला. उन्हापावसानं त्या दगड झाल्या होत्या. शेवटी पकडीनं तोडली. तुटताना काही आवाज झाला नाही, फक्त तार शेजारच्या गच्चीपर्यंत सैल झाली आणि खाली लोंबली. मग त्यानं कंपनीची छत्री कठड्यावर बसवली, बोल्ट आवळले आणि इतर छत्र्या ज्या दिशेला बघत होत्या त्या दिशेला तिचं तोंड केलं. काम त्यानं चोख केलं. दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

खाली येऊन त्यानं डबा जोडला. पडद्यावर अक्षरं उमटली, ग्राहकाचा मोबाइल नंबर भरा. तो थबकला.

"काय म्हणतोय तो?" मावशींनी विचारलं.

"नंबर मागतोय, मावशी. मोबाइलचा. भाचीचा आहे का?"

"तिचा कशाला? तुझाच घाल. माझं काय ते तूच बघतोस ना?"

त्यानं रिमोट घेतला आणि स्वतःचा नंबर एकेक बटण दाबत भरला. मनातून त्याला वाटत होतं, नाकारेल. एका नंबरावर एकच डबा. पण कंपनीनं तो लगेच घेतला. महिनाअखेरीपासून त्याच्या नंबरावर कुठलाच डबा नव्हता, नंबर मोकळा होता. चित्र आलं, लख्ख. कुणीतरी बाई बातम्या सांगू लागली आणि मावशींनी डोळे मिटून मान डोलावली. त्यानं त्यांचं बोट धरून नवी बटणं दाखवली, पाचवर खूण म्हणून चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि पकड खिशात टाकून निघाला.

तो पहिल्या वळणावर पोचला आणि खिशात फोन ठणाणला. जिना अरुंद, आवाज वरपर्यंत गेला. त्यानं फोन काढून वाचलं. आमच्या परिवारात आपलं स्वागत. तारेच्या कटकटीतून आपण मुक्त झालात, अभिनंदन. काही अडचण आल्यास थेट आम्हाला कळवा.

"कुणाचा फोन रे?" वरून मावशींनी विचारलं.

तो कठड्याला धरून उभा राहिला. निरोप पुसायला त्याचा अंगठा पुढे आला आणि तसाच थांबला.

"काही नाही मावशी," तो म्हणाला. "तुमचाच आहे. मी बघतो."